डोक्यातलं कागदावर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात नागपूर आणि आसपासची पत्रं बरीच होती. बहुतेकांची तक्रार एकच : काम येतं, मेहनतही होते, पण ऐन वेळी डोकं साथ देत नाही. त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. जागेसाठी थोडी छाटली, भाषा लिहिणाऱ्यांचीच ठेवली.

प्रश्न : बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स पाहतो. जीएसटी, पीएफ, टीडीएस सगळं माझ्याचकडे. दिवसभर कोणी ना कोणी येऊनच राहते, फोन वाजतच राहते. संध्याकाळी पाहतो तर सकाळचं काम तसंच पडून. मागच्या महिन्यात बिलांचे आकडेही उलटसुलट गेले. लक्ष कसं टिकवायचं?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तुमच्या लक्षात खोट आहे असं पत्रावरून वाटत नाही, दिवसाची आखणी मात्र सैल आहे. माणूस एका वेळी डोक्यात जेमतेम चार गोष्टी धरू शकतो, असं नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये आधीचे बरेच प्रयोग तपासून मांडलं. बिल नंबर, पार्टी, कराचा दर, रक्कम : चार जागा भरल्या. एवढ्यात दारातून कोणी ‘साहेब, गेटपासवर सही’ म्हणालं की यातली एक जागा त्याला जाते आणि तुमचा एक आकडा सांडतो. सही करून झाल्यावरही मनाचा एक कोपरा गेटपासवरच रेंगाळतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं : आधीचं काम अर्धवट सोडून दुसरं धरलं, की दुसऱ्यातही कामगिरी घसरते.

येणाऱ्यांना तुम्ही थांबवू शकणार नाही. पण मान वर करण्याआधी दहा सेकंद घ्या आणि बाजूच्या कागदावर एक ओळ लिहा : ‘११८ झालं, ११९ चा दर पाहायचा.’ मगच ‘हं, बोला’ म्हणा. या ओळीत पुढची कृती आलीच पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘जीएसटी चालू’ असं लिहून ठेवतात आणि परत आल्यावर कुठून धरायचं हे पुन्हा शोधत बसतात.

दुसरं, तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत : ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं एकत्रित विवरणपत्र). प्रत्येक तारखेच्या आधीचे दोन दिवस सकाळचा दीड तास राखून ठेवा. हे मॅनेजरशी आधी बोलून ठरवा, परस्पर दार लावून बसू नका. लोकांना ‘नंतर या’ सांगितलं तर ते दर दहा मिनिटांनी डोकावतात. ‘साडेअकराला या’ सांगितलं तर साडेअकरालाच येतात. अपवादही आधीच ठरवा : गेटवर अडलेला ट्रक, बंद पडलेली लाइन, बँकेतून परत आलेलं पेमेंट. बाकी सगळं साडेअकराला.

आकडे उलटण्याबद्दल. दोन बेरजांतला फरक नऊने पूर्ण भागला गेला, तर बहुधा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले आहेत. ७,३४० च्या जागी ७,४३० पडले की फरक ९० येतो. नऊने भागला जात नसेल आणि फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती नावेऐवजी जमेत गेलेली असू शकते. तपासणी भरल्या भरल्या करू नका. पाणी पिऊन या आणि यादी खालून वर वाचा. वरून वाचताना डोळा आपल्याला जे अपेक्षित आहे तेच वाचतो.

प्रश्न : मस्कासाथेत डाळ-दाण्याचं दुकान आहे. दरवर्षी जानेवारीत तूर आली की एकच विचार, भरून ठेवावी की नाही. कधी साधते, कधी अंगाशी येते. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचं सगळं अंदाजपंचे. असा निर्णय पक्का कसा घ्यायचा?
– एक व्यापारी वाचक, इतवारी

उत्तर : तुरीचा भाव काय होईल हे सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतील, त्यांच्यात आमची भर नको. भाव कळत नसतानाही निर्णय नीट घेता येतो का, एवढंच पाहू. त्यासाठी एक वही आणि अर्धा तास लागेल. आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, तिथे तुमचे घाला.

१०० क्विंटल तूर, ७,००० च्या भावाने : ७ लाख. व्याज महिन्याला एक टक्का, सहा महिन्यांचे ४२,०००. गोदामभाडं क्विंटलमागे महिन्याला १० रुपये, म्हणजे ६,०००. हमाली चढ-उतार मिळून ३,०००. वर सुकून आणि सांडून एक क्विंटल घट. आता ७,५१,००० रुपये ९९ क्विंटलमधून काढायचे आहेत, म्हणजे क्विंटलला ७,५८६. ‘सातला घेतली, साडेसातला विकली, पाचशे सुटले’ असं ज्याला वाटतं, त्याचे खरं तर ८६ गेलेले असतात. स्वतःच्या पैशाने माल भरला म्हणून व्याज धरत नाही, हीसुद्धा जुनी चूक आहे. तोच पैसा उधारी फेडायला किंवा दुसऱ्या मालात लागला असता.

आता भावाच्या तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीपुढे टक्के टाका. समजा, ८,५०० होण्याची ४० टक्के, ७,२०० ची ४० टक्के, ६,५०० ची २० टक्के. पहिल्यात नफा ९०,५००, दुसऱ्यात तोटा ३८,२००, तिसऱ्यात तोटा १,०७,५००. टक्क्यांनी गुणून बेरीज केली तर ३६,२०० वजा १५,२८० वजा २१,५००. हाती ५८० रुपयांचा तोटा. मनात मात्र साडेआठ हजारांचंच चित्र असतं. गेल्या वर्षी कोणी मोठा हात मारला असेल तर ते चित्र आणखी ठळक होतं, कारण ऐकलेला आकडा खुंटीसारखा रुतून बसतो आणि पुढचे सगळे अंदाज त्याच्याच आसपास घुटमळतात. ट्वर्स्की आणि काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये यावर लिहिलं आहे.

यापुढची पायरी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची. तुम्ही, मुलगा आणि मुनीम, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच मिनिटं लिहायचं : जुलै उजाडला, सौदा बुडाला, कशाने बुडाला? ‘बुडू शकतो का’ असं विचारलं की घरातली माणसं तुमचं तोंड पाहून ‘नाही’ म्हणतात. बुडालाच आहे असं धरलं की कारणं भराभर निघतात. बोलायच्या आधी लिहायचं, नाहीतर मुनीम मालकाच्याच सुरात सूर मिळवतो.

तुरीत यादी साधारण अशी निघेल. आफ्रिका आणि म्यानमारमधून आयात वाढली. गोदामात ओल राहिली आणि भुंगेरे लागले (दाणा सुकवून ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणला नाही तर हे ठरलेलंच). मधेच पैशाची नड निघाली आणि पडत्या भावात माल काढावा लागला. आणि साठ्यावर सरकारी मर्यादा आली. २ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदावर अशी मर्यादा घातली होती : ठोक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळ दुकानाला ५ टन. तुमचे १०० क्विंटल म्हणजे १० टन. ठोकमध्ये असाल तर निश्चिंत, किरकोळमध्ये धरले गेलात तर निम्मा माल ठरल्या मुदतीत काढावा लागला असता, आणि तोही मोठे साठेदार माल सोडत असताना.

माल भरायच्या आधीच बाहेर पडायची अट लिहा : ‘१५ मे ला भाव ७,३०० च्या खाली असेल तर अर्धा माल काढायचा.’ मे महिन्यात ठरवू म्हणाल तर ‘मुद्दल निघेपर्यंत थांबू’ असंच होईल. मुद्दल किती होतं याच्याशी बाजाराला देणंघेणं नसतं.

वहीत तारीख, भाव, टक्के, कारण आणि शेवटी काय झालं, एवढेच रकाने. तुरीचा निर्णय वर्षातून एकदाच येतो, म्हणून हरभरा, मूग, साखर, उधारी देणं असे सगळेच मोठे निर्णय त्यात टाका. जिथे ७० टक्के लिहिलं होतं त्या दहांपैकी सातच्या आसपास खरे झाले तर तुमचा अंदाज शाबूत. चारच झाले तर तुम्ही स्वतःवर फाजील विश्वास ठेवता, हे मुलाने सांगण्याऐवजी वहीच सांगेल. आणि मागाहून ‘मला माहीतच होतं’ म्हणायची सोय राहणार नाही, जी आपल्या सगळ्यांनाच फार आवडते.

प्रश्न : मी औषध कंपनीचा एमआर आहे. पहाटे पाचला उठतो, कामठी, काटोल, सावनेर बाइकवर करतो, घरी यायला रात्रीचे दहा. उन्हाळ्यात, नवतपा लागला की तर विचारूच नका, दुपारी डोकं चालूनच नाही राहत. डॉक्टरांसमोर औषधाचं नाव आठवत नाही. चहावर चहा होतो.
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : नागपूरचा २३ मे २०१३ चा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात मे महिन्याच्या दुपारी डोकं जड होणं यात विशेष काही नाही. विचार करण्यासारखी गोष्ट तुमच्या पत्रात दुसरीच आहे. पाचला उठून रात्री दहाला बाइक चालवणं म्हणजे सतरा तासांचं जागरण. डॉसन आणि रीड यांच्या १९९७ च्या प्रयोगात सतरा तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तेव्हा औषधाच्या नावाची काळजी नंतर करू. आधी आठवड्यातले निदान तीन दिवस रात्री आठपर्यंत घर गाठता येईल असा टूर प्लॅन बदलून घ्या. लांबचं गाव सकाळी पहिलं, परतीच्या वाटेवर जवळचे डॉक्टर. नवीन औषध समजावून सांगायचे कॉल अकराच्या आत, दुपारी फक्त ऑर्डर आणि स्टॉकची विचारणा.

चहाचं गणित असं : कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं. झोप येईल, पण उथळ, आणि उद्या दुपारी पुन्हा चहा. शेवटचा चहा दोनच्या आत ठेवा. दुपारी सावलीत वीस मिनिटांची डुलकी काढा, गजर लावूनच. चाळीस-पन्नास मिनिटं झाली की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास धुंदीतच जातो.

रात्रीची खोली. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणारे पुष्कळ आहेत. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आत आलेली दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली चिकचिकते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी हातभर उघडी ठेवा. कूलरच्या ताट्या कडक झाल्या असतील तर मोसमाच्या सुरुवातीलाच बदला, पाणी झिरपलं नाही तर नुसता पंखा फिरतो. पाऊस लागला की हवाच दमट असते, तेव्हा कूलरमधलं पाणी बंद करून पंखाच बरा.

पाणी तहानेवर सोडू नका. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजा. मीठ घातलेलं ताक चांगलं, पण रक्तदाब असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. आणि उन्हात असताना बोलणं असंबद्ध होऊ लागलं, अंग तापलं, भोवळ आली, तर ती कामाची अडचण राहत नाही. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. रात्री तीनला जाग येते आणि सगळं डोळ्यांसमोर : पेपर तपासायचे, सिलेंडर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची फी. हे म्हणतात, ‘तू सांग, मी करतो.’ तरी ओझं कमी होत नाही.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, ‘तू सांग, मी करतो’ यात काम वाटलं जातं, लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. थकवा त्याचाच आहे. म्हणून कामाचे तुकडे देऊ नका, अख्खं खातं द्या. सासूबाईंच्या गोळ्या यजमानांकडे, म्हणजे पट्टीत किती उरल्या हे पाहणं, चिठ्ठी सांभाळणं, दुकानात जाणं, डॉक्टरांची पुढची तारीख, सगळं. दिल्यावर आठवण करायची नाही, हे तुमच्या बाजूचं पथ्य. पहिल्या महिन्यात एखादी गोष्ट राहील. गोळ्यांची राहू नये म्हणून पट्टीत सात उरल्या की नवी आणायची असा नियम ठेवा. सिलेंडर उशिरा आला तर मात्र येऊ द्या.

तीनला जाग येण्यावरचा उपाय झोपायच्या आधी आहे. पाच मिनिटं वहीत उद्या-परवाची कामं लिहा. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं : पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारीक तितकी लवकर. म्हणून ‘पेपर’ असं लिहू नका. ‘मंगळवारी ऑफ तासाला सातवी ब चे पंधरा पेपर’ असं लिहा. कधी आणि कुठे हे ठरलं की मन ते काम उगाळत बसत नाही. यादी मोबाइलमध्ये करू नका, पाच मिनिटांची पन्नास होतात. तीनला जाग आलीच तर उशाच्या कागदावर अंधारातच एक शब्द खरडा, दिवा लावू नका, घड्याळ पाहू नका.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतो. अभ्यासिकेत दहा तास बसतो. वाचताना सगळं येते, पेपरात नाही आठवत. काय चुकून राहिलं?
– एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : वाचताना येतं ते ओळखीचं वाटणं, आठवणं नव्हे. पाचव्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटणारच, त्यात रंगीत पेनने रेघा मारल्या असतील तर जास्तच. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले.

चाळीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठ मिनिटं आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग कोऱ्या कागदावर पुन्हा. नंतर चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. कंटाळा येईल, त्रास होईल. तो त्रास चुकवायला लोक पुन्हा वाचनाकडे वळतात आणि दहा तास भरतात. असे सहा तास पुरतील.

प्रश्न स्वतः काढा, पण ‘नागपूर करार कधी झाला’ (२८ सप्टेंबर १९५३) एवढ्यावर थांबू नका. ‘हिवाळी अधिवेशन नागपुरात का होतं, त्याचा कराराशी संबंध काय’ असं विचारा. दोन धागे असलेली गोष्ट निसटत नाही.

आणि पेपरातलं एक गणित. चार पर्याय, चुकीला पाव गुण वजा, अशी पद्धत असेल तर डोळे मिटून ठोकलेल्या उत्तराची सरासरी १/१६ गुण येते, जवळजवळ शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर १/६, दोन आले तर ३/८. दोन बाद करूनही प्रश्न सोडून देणारे घाबरून गुण घालवतात. सराव पेपरात अशा प्रश्नांपुढे फुली करत जा आणि तुमचं ‘खात्रीने बाद’ कितपत खात्रीचं असतं ते मोजा.

प्रश्न : बुद्धी तल्लख करणारं मोबाइल अ‍ॅप घेतलं आहे. रोज खेळतो, स्कोअर वाढतो आहे. कामात फरक कधी दिसेल?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : वाट पाहू नका. अशा खेळांनी त्या खेळातली आणि त्यासारख्या खेळातली हातोटी वाढते, ती हिशेबात किंवा बैठकीत उतरल्याचा भक्कम पुरावा नाही. ल्युमोसिटी हे यातलं मोठं नाव. फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. खेळ आवडत असेल तर खुशाल खेळा, करमणूक म्हणून. वर्गणी भरली असेल तर एवढं पाहा : अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे कापले जाणं थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा आणि ती तिथून रद्द करा.